नावावर काय आहे?

व्हिसा नाकारल्याची तक्रार आपल्या सल्ला केंद्रात कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. मारहाण, पोटगी, रेशनकार्ड, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, मालकानं कामावरून कमी केलं, ही आमची रोजची कामं. व्हिसा म्हणजे खात्यापित्या घरांची अडचण, असा समज आम्हा कार्यकर्त्यांच्याही मनात असतो. गेल्या पावसाळ्यात मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात धान्य निवडणारी एक मावशी दुपारच्या सुट्टीत छापील कागद घेऊन आली आणि म्हणाली, “ताई, ह्यात काय लिवलंय तेवढं सांग. पोरगी फोनवर नुसती रडती, नीट सांगंना.”

कागद इंग्रजीत होता. नकाराची सगळी संभाव्य कारणं ओळीनं छापलेली, प्रत्येकासमोर एक चौकोन, आणि एका चौकोनात फुली. त्या ओळीचा अर्थ असा, की मुदत संपायच्या आत तुम्ही आमचा देश सोडून जाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे. मी वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजी मी तिथंच ऱ्हाईन म्हंत्यात व्हय? आन् हितली माझी भिशी कोण भरंल?”

तिच्या या एका प्रश्नात सगळा वाद आलेला आहे, म्हणून हा लेख.

हकीकत थोडक्यात सांगते. मावशी करमाळ्याकडची. लग्न होऊन पुण्यात आली. नवरा वीस वर्षांपूर्वी दुसरं घर करून निघून गेला. फारकत नाही, पोटगी नाही. सूप आणि चाळणीच्या जोरावर तिनं मुलगी शिकवली. मुलगी नर्स झाली, परदेशी भाषेचा कोर्स केला आणि युरोपातल्या एका देशात इस्पितळात नोकरीला लागली. देशाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नियम सगळ्यांचे एकाच साच्यातले आहेत. मुलीचं पहिलं बाळंतपण आलं. आईनं तीन महिने यावं एवढंच मागणं होतं. नातलगांना भेटायला जाणाऱ्यांना आणि फिरायला जाणाऱ्यांना तिथं एकच व्हिसा असतो, जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा. मावशीला दोन्ही हवं होतं. “बाळंतपण तर करीनच, पर तिकडं बर्फ पडतं म्हंती, ते बी बघायचं,” असं ती म्हणाली होती. अर्ज भरून देणाऱ्या एजंटानं तिला दटावलं, की बाळंतपणाचं नाव काढू नका, तिकडं काम करायला चाललात असं वाटेल. म्हणजे बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे आपल्या घरात कामात मोजत नाहीत, आणि परदेशाच्या दारात मात्र त्याचाच संशय!

आता वकिलात काय मागते ते बघू. तीन वर्षांची आयकराची विवरणपत्रं. काही महिन्यांचा बँकेचा उतारा. पगाराच्या स्लिपा. मालकाचं रजेचं पत्र. घर, जमीन असेल तर त्याचे कागद. मागे कुटुंबात कोण राहणार त्याचा पुरावा. या सगळ्याचा हेतू एकच, की बाई परत येईल याला खुंटा काय, ते कागदावर दिसावं.

मावशीकडं काय आहे? बँकेत जनधनचं खातं आहे. उताऱ्यात अडीच-तीन हजारांच्या वर शिल्लक कधी गेलेली नाही, आणि मध्येमध्ये ‘लाडकी बहीण’चे दीड हजार जमा. (भावानं ओवाळणी घातल्याची एवढी लेखी नोंद आपल्याकडं दुसरी नसेल. त्या वकिलातीतल्या साहेबानं मात्र ती वाचून एवढंच ताडलं असणार, की बाई सरकारी मदतीवर जगते.) ई-श्रम कार्ड आहे. २०२१ साली सरकारनं असंघटित कामगारांची नोंदणी सुरू केली तेव्हा आम्हीच रांगा लावून काढून दिलं होतं. त्यावर तिचा फोटो आहे, धंदा लिहिलेला आहे, पण ती कुठल्या गाळ्यावर, किती वर्षं बसते, ते नाही. पगाराची स्लिप नाही, कारण पगार नाही. जितके कट्टे निवडले तितके पैसे. रजेचं पत्र नाही, कारण रजा नाही. घर वस्तीतलं, दहा बाय बारा, आणि त्याचा फोटोपास अजून नवऱ्याच्या नावावर. गावाकडं सासऱ्याची सव्वा एकर आहे. सातबाऱ्यावर दीर आणि पळून गेलेला नवरा.

वकिलातीच्या नजरेतून पाहिलं तर ही बाई कशालाच बांधलेली नाही. वाऱ्यानं उडून जाईल असं फोलपट!

आणि खरी मावशी? आठवड्याची भिशी, तिचा नंबर दिवाळीला. बचत गटाचं कर्ज, ज्याला चार जणी जामीन. म्हातारी सासू, जिला मुलगा टाकून गेला आणि सून सांभाळते. आणि सगळ्यात घट्ट गाठ म्हणजे गाळ्यापुढची ती बसायची जागा. कायम नोकरी असलेला माणूस वर्षभर बिनपगारी रजा काढू शकतो. मावशी तीन महिन्यांपेक्षा एक आठवडा जास्त राहिली तर तिच्या जागेवर दुसरी बाई सूप घेऊन बसलेली असेल, आणि मालक म्हणेल, आता गरज नाही. जिच्या नोकरीला कागद नाही तिलाच परत यायची घाई सगळ्यात जास्त असते, हे बाजारातल्या कुठल्याही पोराला कळतं. वकिलातीच्या नियमात याला रकाना नाही.

यात फक्त एका साहेबाचा दोष नाही. कायदेच असे आहेत. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यातलं २१४ (ब) हे कलम आपल्याकडं मध्यमवर्गीय घरांतही आता तोंडपाठ आहे. भेटीला येणारा प्रत्येक परका माणूस मुळात कायमचा राहायलाच आला आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. आपल्या कोर्टात चोरालाही गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतात. ब्रिटनमध्ये पाहुणा ‘खरा पाहुणा’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. युरोपात तो चौकोन आणि ती फुली. खात्री कशानं पटते? घर, जमीन, पगार, शिल्लक, आणि मागे राहिलेला नवरा. पहिल्या चार गोष्टी आपल्या समाजात कोणाच्या नावावर असतात ते सांगायला नको. आणि नवरा टाकून गेलेल्या बाईकडं पाचवीही नाही.

बाईकडं संशयानं पाहायची ही रीत जुनी आहे. अमेरिकेनं १८७५ साली पेज कायदा केला. पूर्वेकडून येणाऱ्या बाया वेश्याव्यवसायासाठी आणल्या जातात असं गृहीत धरून त्यानं चिनी बायांना जवळजवळ दार बंद केलं. १९७९च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिथं राहणाऱ्या माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं. वाग्दत्त वधूला आधी परवाना लागत नव्हता, बायकोला लागत होता. तेव्हा ही खोटं बोलत नाही ना हे पाहायला तिची कौमार्य तपासणी केली गेली. पुरुष डॉक्टरकडून. वर्तमानपत्रात बोभाटा झाल्यावर ती पद्धत बंद झाली. २०११ साली जुन्या सरकारी फायली बाहेर आल्या तेव्हा कळलं, की ही एकटीदुकटी घटना नव्हती. सत्तरच्या दशकात किमान ऐंशी बायांवर हा प्रकार झाला होता, आणि तोही बराचसा इथं, आपल्या देशातल्या ब्रिटिश कचेऱ्यांत. आज कोणी शरीर तपासत नाही. बँकेचा उतारा तपासतात. पण बाईचा शब्द हा पुरावा नव्हे, हे तेव्हाही गृहीत होतं आणि आजही आहे.

मला सर्वांत चीड येते ती पुढच्या गोष्टीची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल माणसं आपण तिकडं पाठवायची, त्यांत नर्सही आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली. याचं कौतुक झालं, फोटो छापून आले. म्हणजे मुलगी हवी आहे, आणि घाईनं हवी आहे. त्यांच्या म्हाताऱ्यांना उठवायला-बसवायला, सलाइन लावायला, रात्रपाळीला. तिला वाढवण्याचा, शिकवण्याचा खर्च भुसार बाजारातल्या एका सुपानं केला. त्याचं बिल कोणी मागितलेलं नाही. पण त्या मुलीच्या बाळंतपणाला तिची आई गेली तर शंका वाजवी! ब्रिटननं तर मार्च २०२४ पासून नियमच केला, की वृद्धांची सेवा करायला आणलेल्या कामगारांनी नवरा, बायको, मुलं बरोबर आणायची नाहीत. हात पाहिजेत, हातामागचं माणूस नको.

करार करताना आपल्या सरकारनं काय मागितलं? त्या मुलींच्या आया वर्षातून एकदा भेटायला येतील, त्यांचा अर्ज मुलीच्या नोकरीच्या हमीवर मंजूर व्हावा, एवढी एक ओळ मागायला काय हरकत होती? मंत्र्यांच्या शिष्टमंडळाला व्हिसा मिळायला अडचण येत नाही, म्हणून हा प्रश्न सुचत नसावा.

नकार आला तर दाद कुठं मागायची, तीही वाट अरुंद होत चालली आहे. ब्रिटनमध्ये नातलगांना भेटायला जाणाऱ्यांना नकाराविरुद्ध अपील करता येत असे; २०१३ साली तो हक्क काढून टाकला. जर्मनीच्या वकिलातींत साध्या पत्रानं फेरविचार मागता येई. १ जुलै २०२५ पासून जगभर ती सोय बंद झाली. आता नव्यानं अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. मार्केट यार्डातून बर्लिनला! अमेरिकेत तर वकिलातीच्या नकारात कोर्ट सहसा हात घालत नाही. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांद्रा मुन्योस या अमेरिकन नागरिक बाईच्या प्रकरणात सांगून टाकलं, की परदेशी नवऱ्याला देशात येऊ द्यावं असा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क बायकोला नाही. तिथल्या नागरिक बाईची ही गत, तर आपल्या मावशीला कोण विचारतो?

पैशाचंही बोललं पाहिजे. युरोपच्या या व्हिसाची फी जून २०२४ पासून नव्वद युरो झाली, म्हणजे सुमारे नऊ हजार रुपये. वर अर्ज घेणाऱ्या खासगी कंपनीची सेवा फी, तीस हजार युरोंचा विमा, जायचा-यायचा खर्च. नकार आला तरी फी परत नाही. २०२४ साली भारतातून या व्हिसासाठी अकरा लाखांच्या वर अर्ज गेले, दीड लाखाहून जास्त नाकारले गेले. गुणाकार वाचकांनी करावा. आपल्या बाजारात माल न देता पैसे ठेवून घेणाऱ्याला काय म्हणतात ते मावशीनं मला सांगितलं, पण ते इथं छापता येणार नाही.

आणि या नकारावर जगणारे आपलेच लोक आहेत. दुसऱ्या एका एजंटानं तिला सांगितलं, की तुमच्या खात्यात दोन महिने तीन लाख ठेवतो, व्याज द्या, उतारा काढला की काढून घेतो. हा धंदा उघड चालतो. खोटी शिल्लक दाखवणारी बाई अधिकाऱ्याला विश्वासू वाटते, आणि खरी शिल्लक दाखवणारी संशयित. मावशीनं नाही म्हटलं. तत्त्व म्हणून नव्हे. व्याजाचा दर ऐकून.

इथपर्यंत वाचून पुष्कळ जणी मान डोलावतील, गोऱ्या साहेबाला शिव्या देणं सोपं असतं. पण निम्मा कागद इथंच कोरा राहिला आहे. तो वकिलातीनं कोरा ठेवला नाही.

देशातल्या शेतीच्या खातेदारांत बाया किती? २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार सुमारे चौदा टक्के. आणि शेतात राबतं कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र या बाबतीत मागं नव्हता. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावंच्या गावं हलवली. १९९४ साली आपल्या राज्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हिस्सा देणारा कायदा केला, देशानं २००५ मध्ये केला. मे २०२४ पासून सरकारी कागदावर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं. मुलाच्या नावापुढं आई आली खरी. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर यायला तिला अजून दीर आणि सासरे वाट देत नाहीत. सव्वा एकरातला सुनेचा वाटा तलाठ्याकडं मागायला गेलं की घरात काय होतं, ते आमच्या केंद्राच्या वह्यांत लिहिलेलं आहे.

तेच बाजारातलं. हमालांनी लढून १९६९चा माथाडी कायदा मिळवला. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनं पुण्यात तो राबवून घेतला. त्यामुळं पाठीवर पोतं वाहणाऱ्याला नाव मिळालं, नोंद मिळाली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. त्याच पोत्यातलं धान्य निवडून स्वच्छ करणाऱ्या आमच्या मावशीचं नाव तीस वर्षांत एकाही रजिस्टरात चढलेलं नाही. मालक म्हणतो, त्या येतात-जातात, कामगार कुठल्या? या नकाराची पहिली फुली त्या मालकानं मारलेली आहे.

कागद लढून मिळतो, हेही याच शहरात दिसलं आहे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि त्याच दशकात पुणे महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली. ज्यांना पोलीस चोर म्हणून हटकत होते त्या बाया कार्ड दाखवून उभ्या राहू लागल्या. पासपोर्टचंही तसंच. डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलला; वेगळं राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव लिहायची, घटस्फोटाचा हुकूम जोडायची गरज उरली नाही. म्हणून तर मावशीचा पासपोर्ट निघाला. त्या आधी नवरा शोधून आणा म्हणाले असते.

आमच्या ओळखीच्या एक सुखवस्तू ताई म्हणाल्या, “अहो, पण खरंच राहतात की लोक तिकडं बेकायदा! मग त्यांनी काळजी घेऊ नये का?” घ्यावी ना. तपासावं, मुलीची हमी घ्यावी, परतीचं तिकीट बघावं, परत आल्यावर इथं येऊन हजेरी लावायला सांगावं. पण गरिबी हाच पळून जाण्याचा पुरावा धरणं याला तपास म्हणत नाहीत. या ताई दर दोन वर्षांनी मुलाकडं अमेरिकेत जातात, सुनेची दोन बाळंतपणं त्यांनीच केली. मी विचारलं, तुमच्या अर्जाला काय जोडलं होतं? यजमानांची पेन्शन, यजमानांच्या नावचा फ्लॅट, यजमानांच्या ठेवी. त्यांच्या स्वतःच्या नावचं काय होतं? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “पासपोर्ट.” उद्या यजमान नसले तर त्या खिडकीपुढं त्या आणि मावशी जवळजवळ शेजारीच उभ्या असतील.

दुसरा आक्षेप आणखी वाईट, आणि तो आपल्यातलाच आहे. बाजारातल्या बाईला कशाला हवा परदेश? आधी पाण्याचा नळ बघा! आनंदीबाई जोशी १८८३ साली नवऱ्याशिवाय आगबोटीत बसल्या तेव्हा पुण्या-मुंबईतले लोक असंच बोलले होते. तेव्हा व्हिसा नव्हता, समाजच फुली मारत होता. पोस्टातल्या कारकुनाची अठरा वर्षांची बायको, स्वतःची कमाई शून्य, नवरा मागे. आजच्या नियमात तिला तिसऱ्या मिनिटाला परत पाठवलं असतं. कष्टकरी बाईनं नळासाठी मोर्चा काढावा आणि बर्फही बघावं. दोन्हीला तिचा सारखाच हक्क आहे.

आपल्या सरकारचे हातही स्वच्छ नाहीत, हे सांगून ठेवते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा अटारीच्या फाटकात मुलं एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला अशा ताटातुटी झाल्या. खून अतिरेक्यांनी केले, फाटक लग्न करून आलेल्या बायांवर बंद झालं.

मावशीचं नातवंड जन्मलं. फोनवर पाहिलं. दुसरा अर्ज करायचा आहे. या वेळी मुलीनं तिथल्या कचेरीत रीतसर हमीपत्र केलं आहे, आणि आम्ही संघटनेच्या कागदावर तीस वर्षांच्या कामाचा दाखला दिला आहे, बरोबरीच्या बारा जणींच्या सह्या आणि अंगठ्यांसह. वकिलात तो मानेल का, माहीत नाही. गाळ्याच्या मालकाकडं हजेरीचा लेखी दाखला मागितला, तो अजून ‘बघू’ म्हणतो. त्याच्याकडं आता मोर्चानंच जावं लागेल, आणि एका मावशीसाठी नव्हे, निवडायला बसणाऱ्या सगळ्या जणींच्या हजेरी कार्डासाठी.

शिवाय एक काम वाचक मैत्रिणींवर सोपवते. तुमच्या घरात, चाळीत, वस्तीत ज्या बायांना असा नकार आला असेल त्यांच्या कागदाची प्रत आमच्याकडं पाठवा. परदेशी नोकऱ्यांचे करार करणाऱ्या राज्य सरकारच्या खात्यापुढं त्या एकत्र ठेवायच्या आहेत आणि आयांच्या भेटीची ती एक ओळ मागायची आहे. प्रत काढताना नाव आणि पासपोर्टचा नंबर खोडा. तारीख, फुली मारलेलं कारण, भरलेली फी आणि अर्जाला जोडलेल्या कागदांची यादी मात्र राहू द्या, आणि त्यातला कुठला कागद बाईच्या स्वतःच्या नावावर होता तेवढं पेन्सिलीनं लिहून पाठवा.